पापलेटच्या एका क्रेटमध्ये किती घराणी?

पहाटे नाशिकच्या मासळी बाजारात बर्फाचे क्रेट उतरतात. एकात सातपाटीचं पापलेट, दुसऱ्यात वेरावळचं, तिसऱ्यात ससून डॉकवरून आलेलं. पाटीवर मांडताना मासे आकाराप्रमाणे लावले जातात आणि बंदराचं नाव तिथेच गळून पडतं. गिऱ्हाईक कल्ले लाल आहेत का ते बघतं, बोटाने दाबून बघतं आणि भाव करतं. त्याला तेवढं पुरतं.

पण एक प्रश्न इथेच सुरू होतो. हे सगळे मासे एकाच घराण्यातले का? म्हणजे पालघरच्या समुद्रातलं पापलेट गुजरातच्या पापलेटशी जोडा जमवतं, की दोघांचे गोतावळे वेगळे आहेत? एका किनाऱ्यावरचे मासे उपसून संपवले तर दुसऱ्या किनाऱ्यावरून ते भरून येतील का? याची उत्तरं शोधणाऱ्या शास्त्राला पॉप्युलेशन जेनेटिक्स म्हणतात, पाठ्यपुस्तकी मराठीत समष्टी आनुवंशिकी. नाव जड आहे. काम साधं आहे: जनुकांची कोणती रूपं कुठल्या गटात किती प्रमाणात आहेत ते मोजायचं आणि त्यावरून कोण कोणात मिसळतं ते ओळखायचं.

पाण्यातल्या भिंती

जमिनीवर भिंत डोळ्यांना दिसते. त्र्यंबकच्या डोंगररांगेत पडलेला पाऊस एका उताराने वैतरणेत जातो आणि अरबी समुद्राला मिळतो. दुसऱ्या उताराने तो गोदावरीत उतरतो, 1,465 किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतो. अरबी समुद्र इथून पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर असूनही गोदावरीतल्या माशाला पोहत तिकडे जाता येत नाही.

समुद्रात असा डोंगर नाही. शिवाय बहुतेक समुद्री जीव अंडी आणि शुक्रपेशी थेट पाण्यात सोडतात आणि पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जातात. माशांची पिल्लं काही दिवस ते काही आठवडे वाहतात, शेवंडीची पिल्लं तर कित्येक महिने. म्हणून पूर्वी समजूत अशी होती की समुद्र म्हणजे एकच मोठी परात, सगळं पीठ एकत्र मळलेलं. युरोपातली वाम याचं खरंखुरं उदाहरण आहे. ती नद्यांमध्ये वाढते आणि अंडी घालायला थेट अटलांटिकच्या मधोमध सारगासो समुद्रात जाते. त्यामुळे आयर्लंडची वाम आणि इटलीची वाम जनुकांच्या हिशेबात जवळपास एकच.

बाकी बऱ्याच जीवांच्या बाबतीत मात्र भिंती सापडल्या. त्या दगडाच्या नसतात, पाण्याच्या गुणधर्माच्या आणि वेळेच्या असतात.

पहिली भिंत मिठाची. अरबी समुद्राच्या पृष्ठभागावर एक किलो पाण्यात साधारण 36 ग्रॅम क्षार असतात. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात ते 33 च्याही खाली असतात आणि पावसाळ्यानंतर नद्यांच्या मुखांजवळ आणखी उतरतात, कारण गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी तिथेच रिकाम्या होतात. रामकुंडावरून वाहिलेलं पाणीही या हिशेबात आहे. बोंबील दोन्ही बाजूंना सापडतो, पण सलग नाही: गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर भरपूर, दक्षिणेकडे जवळपास नाहीसा, मग पुन्हा आंध्रच्या वर, ओडिशा, बंगाल आणि बांगलादेशात. मधे शेकडो मैलांचा खंड. अशा ठिकाणी दोन्हीकडच्या बोंबलांना एकच गट धरून चालणं धोक्याचं असतं.

दुसरी भिंत प्रवाहांची. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. पावसाळ्यात अंडी घालणाऱ्या माशाची पिल्लं एका दिशेला जातील, हिवाळ्यात घालणाऱ्याची उलट्या दिशेला. पाणी तेच, पण महिना बदलला की वाट बदलली.

तिसरी भिंत इतिहासाची. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होती. इंडोनेशिया-मलेशियाच्या भोवतालचा उथळ समुद्र तेव्हा कोरडी जमीन होता, त्यामुळे हिंदी महासागर आणि प्रशांत महासागरातले जीव एकमेकांपासून बरेचसे तुटले. पाणी पुन्हा चढल्यावर दोन्हीकडचे दुरावलेले भाऊबंद समोरासमोर आले. ख्रिसमस बेट आणि कोकोस बेटांभोवती आज प्रवाळातल्या माशांचे इतके संकर सापडतात, त्यामागे हे कारण आहे.

चौथी भिंत वेळेची, आणि तिचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याच अरबी समुद्रात आहे. जगभरचे हंपबॅक देवमासे लांबचे प्रवास करतात. अरबी समुद्रातले करत नाहीत, बारा महिने इथेच राहतात. त्यांचा विणीचा हंगाम उत्तर गोलार्धाचा, म्हणजे साधारण जानेवारीनंतरचा. दक्षिण हिंदी महासागरातल्या हंपबॅकचा हंगाम त्याच्या सहा महिने पुढे-मागे. एकमेकांचं गाणं पोचलं तरी मुहूर्त जुळत नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हा गट सुमारे 70,000 वर्षं वेगळा पडलेला आहे. ओमानच्या किनाऱ्याजवळ त्यांची संख्या शंभरच्या आत असल्याचा अंदाज आहे. 1960 च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी यातले दोनशेहून अधिक मारले. ते भरून काढायला दुसरीकडून कोणी येणार नाही.

शंभर माशांचा हिशेब

आता मोजणीकडे. हा भाग बहुतेक जण सोडून देतात, पण याच्याशिवाय पुढचं काही कळत नाही, आणि यात बेरीज-गुणाकारापलीकडे काही नाही.

एखाद्या जनुकाची दोन रूपं आहेत असं धरू: क आणि ख. प्रत्येक माशात जोडी असते, एक रूप आईकडून, एक बापाकडून. म्हणजे मासा कक, कख किंवा खख असणार. 1908 मध्ये हार्डी या इंग्रज गणितज्ञाने आणि वाइनबर्ग या जर्मन डॉक्टरने स्वतंत्रपणे दाखवलं की मासे कुठलाही भेदभाव न करता आपसात जोडी जमवत असतील, तर या तीन प्रकारांचं प्रमाण ठरलेलं असतं. क चं प्रमाण 0.6 असेल तर कक असणार 0.6 × 0.6, म्हणजे शंभरात 36. खख असणार 0.4 × 0.4, म्हणजे 16. मिश्र कख असणार 2 × 0.6 × 0.4, म्हणजे 48. शंभर मासे तपासले आणि हे आकडे जवळपास आले, तर तो एक मिसळलेला गट आहे असं मानायला हरकत नाही.

आता नाशिकच्या पाटीकडे या. समजा त्या शंभरातले 50 मासे एका किनाऱ्याचे आहेत, तिथे क चं प्रमाण 0.9. उरलेले 50 दुसऱ्या किनाऱ्याचे, तिथे क फक्त 0.1. दोन्ही गट आपापल्या घरी नीट मिसळलेले आहेत. पहिल्या पन्नासात मिश्र मासे असतील 9, दुसऱ्या पन्नासातही 9, एकूण 18. पण पाटीवरचे शंभर मासे एकच गट समजून हिशेब केला तर क चं प्रमाण निघतं 0.5 आणि मिश्र मासे हवेत 50. हातात फक्त 18!

मिश्र माशांची ही तूट म्हणजे धोक्याची घंटा आहे. स्टेन व्हाल्युंड या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1928 मध्ये ती सांगितली, म्हणून तिला व्हाल्युंड परिणाम म्हणतात. तूट दिसली की पहिली शंका घ्यायची ती ही: आपण दोन गोतावळे एका टोपलीत टाकले का? दुसरी शंका यंत्राची. कधी कधी जनुकाचं एखादं रूप चाचणीत उमटतच नाही आणि मिश्र मासा शुद्ध दिसतो. भेद ओळखायचा सोपा मार्ग असा की तूट डीएनएवरच्या तपासलेल्या बहुतेक सगळ्या जागांवर दिसली तर गट मिसळलेत, एखाद-दुसऱ्या जागेवरच दिसली तर चाचणीत खोट आहे.

याच तुटीवरून दोन गटांतलं अंतर मोजतात, त्याला एफएसटी म्हणतात. आपल्या उदाहरणात 1 वजा 18 भागिले 50, म्हणजे 0.64. शून्य म्हणजे काहीच फरक नाही, एक म्हणजे पूर्ण तुटलेले. समुद्री माशांत 0.64 सहसा सापडत नाही, 0.05 च्या आतले आकडेच नेहमीचे. आणि इथेच मोठी फसगत होते.

जनुकांना दहा पुरतात, जाळ्याला नाही

सेवाल राइट या शास्त्रज्ञाने एक सोपं सूत्र दिलं. दर पिढीला एका गटातून दुसऱ्यात किती जीव जाऊन वीण घालतात, त्या संख्येला चारने गुणा, एक मिळवा आणि एकाला त्याने भागा. दर पिढीला एकच पाहुणा आला तर एफएसटी येतो 0.2. दहा आले तर 0.024. म्हणजे लाखो माशांच्या गटात पिढीला फक्त दहा बाहेरचे मासे येऊन विणले, तरी जनुकांचा फरक जवळपास पुसला जातो.

आता हे कोळ्याच्या नजरेने बघा. त्याच्या किनाऱ्यावरचा साठा संपला. अहवाल म्हणतो, दोन किनाऱ्यांत जनुकीय फरक नाही, सगळं एकच. मग शेजारून मासे येतील या भरवशावर राहिलं तर काय येईल? दहा मासे. जनुकं मिसळायला ते पुरले, जाळं भरायला पुरणार नाहीत. ‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ ‘साठा एक आहे’ असा लावणं ही या विषयातली सगळ्यात महाग चूक आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. फरक सापडला तर तो नक्की सांगता येतो. नाही सापडला तर टॅगिंग (खूण लावून मासे परत सोडणं), माशाच्या कानातल्या खड्यांचा अभ्यास, वाढीचा वेग, विणीचा महिना हे सगळं बघूनच बोलावं.

ऑलिव्ह रिडले कासवांचं बघा. 2021 मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये थेट गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. बातमी आनंदाचीच आहे आणि जनुकांच्या हिशेबात अशी एखादी मादीही मोठी. पण कोकणातली घरटी राखायची ती कोकणातल्या माद्यांच्याच जोरावर.

उलट बाजूने नॉर्वेतली कॉड मासळी बघण्यासारखी आहे. लोफोटेन बेटांजवळ दोन गट एकत्र येतात: आर्क्टिककडून येणारा भरभक्कम आणि किनाऱ्यालगतचा नाजूक. वरून दोन्ही कॉडच. पॅन-1 नावाच्या एका जनुकात मात्र दोघांचं प्रमाण खूप वेगळं. पकडलेल्या माशांचे नमुने लगोलग तपासतात आणि किनारी कॉड जास्त निघाली तर तेवढं क्षेत्र बंद ठेवतात.

अंडी कोटी, वारस मोजके

समुद्रात आणखी एक विचित्र गोष्ट असते. कालवाची एक मादी एका हंगामात लाखो अंडी सोडते. त्यातली बहुतेक सगळी मरतात, आणि कोणाची वाचतात ते बऱ्याचदा नशिबावर असतं: योग्य दिवस, योग्य प्रवाह, खाण्याची योग्य दाटी. त्यामुळे पुढच्या पिढीला खऱ्या अर्थाने आई-बाप लाभतात ते मोजके. या ‘खऱ्या’ संख्येला परिणामी संख्या म्हणतात, आणि काही समुद्री जीवांत ती डोक्यांच्या संख्येच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी भरते.

हॅचरी चालवणाऱ्यांनी तर हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. नर आणि माद्यांची संख्या असमान असेल तर सूत्र असं: चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले दोघांची बेरीज. पाच नर आणि पन्नास माद्या ठेवल्या तर 1,000 भागिले 55, म्हणजे साधारण 18. डोकी पंचावन्न, काम अठरांचं. परिणामी संख्या 50 असेल तर दर पिढीला जनुकीय विविधतेतला 1 टक्का गळतो. 10 असेल तर 5 टक्के. पाच-सहा पिढ्यांत वाढ खुंटते, रोग पटकन लागतो, आणि दोष खाद्याला किंवा पाण्याला दिला जातो.

संकर म्हणजे कलम नव्हे

नाशिककरांना संकर समजावणं सोपं आहे आणि अवघडही, कारण इथे कलम आणि संकर हे शब्द रोजच्या तोंडात आहेत आणि एकमेकांत मिसळतात. द्राक्षात डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनचं कलम भरलं की मुळं एकाची, घड दुसऱ्याचे, पण प्रत्येक पेशीतलं डीएनए आपापलंच राहतं. तो संकर नाही. गंमत अशी की डॉगरिजचा खुंट स्वतः मात्र टेक्सासकडच्या दोन रानटी द्राक्षांचा नैसर्गिक संकर मानला जातो. संकरात आईचं अर्धं आणि बापाचं अर्धं डीएनए प्रत्येक पेशीत असतं.

दिंडोरी-पिंपळगावच्या पट्ट्यात टोमॅटो लावणाऱ्याला एफ-1 बियाणं सांगायला नको. पहिली पिढी एकसारखी येते. त्या फळातलं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर झाडं नाना तऱ्हांची निघतात, कारण दुसऱ्या पिढीत आजी-आजोबांचे गुण पुन्हा सुटे होऊन फेरजुळणी होते. समुद्रातही नियम हाच. पहिला संकर म्हणजे एफ-1. दोन एफ-1 चं पिल्लू म्हणजे एफ-2. एफ-1 ने मूळच्या एका प्रजातीशी पुन्हा जोडी जमवली तर तो उलट-संकर. प्रत्येक उलट-संकराला परक्या डीएनएचा वाटा निम्मा होतो: 50, 25, 12.5, 6.25 टक्के. काही पिढ्यांनी प्राणी दिसायला अगदी शुद्ध, पण आत परक्या घराण्याचे तुकडे राहिलेले. याला आपण जनुकांची झिरपण म्हणू.

मग पाण्यात सगळी अंडी-शुक्रपेशी एकत्र तरंगत असताना सगळ्यांचाच काला का होत नाही? कुलपं असतात म्हणून. समुद्री साळूच्या शुक्रपेशीवर बाइंडिन नावाचं प्रथिन असतं, ते आपल्याच प्रजातीच्या अंड्याला नीट चिकटतं. अबॅलोन या गोगलगायीत तेच काम लायसिन करतं. किल्ली वेगळी असेल तर दार उघडत नाही, किंवा फार क्वचित उघडतं. काही प्रवाळांत कुलूप घड्याळाचं असतं. कॅरिबियनमधले ऑर्बिसेला गटातले दोन सख्खे भाऊबंद पौर्णिमेनंतरच्या त्याच रात्री पेशी सोडतात, पण एक दुसऱ्याच्या दीड-दोन तास आधी. तेवढ्या वेळात पहिल्याच्या शुक्रपेशी पाण्यात पांगतात, म्हाताऱ्या होतात, आणि दुसऱ्याची अंडी बरीचशी सुरक्षित राहतात.

कुलूप कधी मोडतं? एक, जोडीदार दुर्मिळ झाला की. दोन, दुरावलेले भाऊबंद अचानक एकत्र आले की. तीन, माणसाने उचलून नेऊन टाकलं की.

ब्राझीलच्या बाहिया किनाऱ्यावर हॉक्सबिल कासव समजल्या जाणाऱ्या विणीच्या माद्या तपासल्या तेव्हा त्यातल्या 40 टक्क्यांहून अधिक लॉगरहेड कासवाशी झालेले संकर निघाल्या. या दोन प्रजाती वेगळ्या होऊन कोटीहून अधिक वर्षं झालेली आहेत, तरी कुलूप पूर्ण बसलेलं नव्हतं. निळा देवमासा आणि फिन देवमासा यांचे संकर तर अनेकदा सापडले. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर अटलांटिकमधल्या निळ्या देवमाशांच्या डीएनएत सरासरी सुमारे 3.5 टक्के वाटा फिन देवमाशाचा निघाला. म्हणजे तिथले संकर वांझ नव्हते, त्यांची पिल्लं पुढे नांदली. दोन्ही प्रजातींत गुणसूत्रं 44. हे जुळल्यामुळे संकराच्या अंडी-शुक्रपेशी बनताना जोड्या लागायला अडचण कमी येते. खेचराचं घोडं नेमकं इथे अडतं: घोड्याची 64, गाढवाची 62.

तिसऱ्या कारणाचं उदाहरण शिणाण्यांचं, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या मसल शिंपल्यांचं. भूमध्य समुद्रातली शिणाणी जहाजांबरोबर कॅलिफोर्नियाला पोचली, दक्षिण भागातून तिथल्या मूळ शिणाणीला हटवलं आणि मधल्या पट्ट्यात दोघींचा संकरपट्टा तयार झाला. शिंपले वरून इतके सारखे की डीएनएशिवाय ओळखता येत नाहीत.

शेततळ्यात रोहू-कटला सोडणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. बीज तयार करताना एकाच टाकीत रोहू, कटला, मृगळ एकत्र विणवले की संकर होतात, आणि मत्स्यबीजाच्या पिशवीत ते डोळ्यांनी वेगळे काढता येत नाहीत. तळ्यात ते वाढतील, विकले जातील. पण पुरात तळं फुटून ते नदीत गेले की तिथल्या मूळ वाणात झिरपण सुरू होते, आणि ती मागे घेता येत नाही.

एका कवटीची गोष्ट

ग्रीनलंडच्या डिस्को उपसागराजवळ एका शिकाऱ्याकडे एक विचित्र कवटी होती. नारव्हाल या देवमाशाच्या तोंडात लांब पिळदार सुळा सोडला तर कामाचे दात नसतात. बेलुगाला सरळ दातांच्या रांगा. या कवटीत दात होते, पण ते आडवे झुकलेले आणि काही पिळदार. कोपनहेगनच्या संग्रहालयात ती वर्षानुवर्षं होती. 2019 मध्ये डीएनएचं उत्तर आलं: प्राणी नर, डीएनए 54 टक्के बेलुगा आणि 46 टक्के नारव्हाल, म्हणजे मोजणीतली चूक धरता निम्मं-निम्मं, पहिल्या पिढीचा संकर.

आई कोण, हे कसं कळलं? पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचे भाग असतात, त्यांचं स्वतःचं छोटं डीएनए असतं आणि ते आईकडूनच येतं. या कवटीतलं ते डीएनए नारव्हालचं निघालं. म्हणून आई नारव्हाल, बाप बेलुगा.

पण याच गोष्टीत मोठा सापळा आहे. फक्त मायटोकॉन्ड्रियाचं डीएनए बघितलं असतं तर अहवाल आला असता: ‘नारव्हाल’. संकर दिसलाच नसता. स्वस्तातल्या बारकोड चाचण्या, म्हणजे डीएनएचा एक छोटा ठरावीक तुकडा वाचून प्रजाती ओळखणाऱ्या चाचण्या, नेमकं हेच डीएनए वाचतात. ऑस्ट्रेलियात काळ्या टोकाच्या मुशींचे 57 संकर उघडकीला आले, ते मणक्यांची संख्या एका प्रजातीची आणि मायटोकॉन्ड्रिया दुसरीचं अशी तफावत दिसल्यामुळे. संकर शोधायचा तर केंद्रकातल्या डीएनएवरच्या जागा हव्यात, आणि पुरेशा हव्यात. दोन प्रजातींत नक्की वेगळ्या असणाऱ्या पाच जागा तपासल्या तर पहिल्या पिढीचा उलट-संकर चुकून शुद्ध दिसण्याची शक्यता बत्तीसात एक. दहा जागा घेतल्या तर 1,024 मध्ये एक.

नाशिकमध्ये बसून काय करता येईल

कॉलेजच्या प्रकल्पासाठी समुद्र लांब असला तरी पाटी जवळ आहे. बाजारातल्या माशाची प्रजाती ओळखणं हा चांगला प्रकल्प आहे. घराणी ओळखणं बाजारातून होणार नाही, कारण बंदर माहीत नसतं; त्यासाठी प्रत्येक बंदरावर उतरणाऱ्या बोटीवरूनच 30 ते 50 मासे घ्यावे लागतात, शक्यतो दोन वेगवेगळ्या वर्षी. एकाच जाळ्यातली लहान पिल्लं घेऊ नयेत, ती सख्खी भावंडं असू शकतात आणि निकाल वाकडा करतात. कासव, समुद्रघोडा, करवत मासा, देवमुशी यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे; परवानगीशिवाय त्यांचा तुकडाही घेऊ नये.

तुकडा घ्यायची पद्धत. माशाच्या अंगावर शेजारच्या माशाचा चिकटा आणि रक्त असतं, विक्रेत्याचा कोयता आणि फळी सगळ्या माशांची एकच असते. म्हणून बाहेरची कातडी बाजूला करून आतलं मांस घ्यायचं, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढं. दर माशाला नवी ब्लेड. 2 मिलिलिटरच्या कुपीत 95 टक्के इथेनॉल, तुकड्याच्या किमान पाच ते दहा पट. मोठा तुकडा घातला की त्यातल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होतं आणि मांस आतून सडतं. सगळ्यात जास्त नमुने याच हौसेपायी जातात. एक दिवसाने इथेनॉल बदलायचं. फॉर्मलिन नको, त्याने डीएनए जखडतं. बर्फातला ताजा मासा उत्तम. सुके बोंबील आणि सोडेही चालतात, पण त्यातलं डीएनए तुटलेलं असतं, तेव्हा 650 अक्षरांच्या नेहमीच्या बारकोडऐवजी 150-200 अक्षरांचा छोटा बारकोड मागावा.

प्रयोगशाळेत मांस प्रोटिनेज-के या विकराबरोबर 56 अंश सेल्सिअसला रात्रभर विरघळवतात, डीएनए गाळून घेतात आणि पीसीआरने मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय या बारकोडच्या जनुकाच्या प्रती वाढवतात. प्रत्येक फेरीत एक नळी मासा न घातलेली ठेवायची. त्या रिकाम्या नळीत पट्टी उमटली तर कुठेतरी डीएनए सांडलंय. सगळी फेरी टाकून द्यावी, एकही निकाल वाचवायचा मोह धरू नये.

मिळालेली डीएनएची अक्षरं जेनबँक या जागतिक डीएनए-नोंदसाठ्याशी ताडून बघताना पहिलं नाव डोळे झाकून उचलू नका. एकाच प्रजातीच्या माशांत सीओआयचा फरक सहसा एक टक्क्याच्या आत असतो, एकाच जीनसमधल्या (जवळच्या नात्यातल्या) दोन प्रजातींत बऱ्याचदा दहाच्या आसपास. पापलेटचं उदाहरण इथे फार शिकवणारं आहे. आपल्या पापलेटला वर्षानुवर्षं पॅम्पस अर्जेंटियस म्हटलं गेलं. कोचीतल्या संशोधकांनी दाखवलं की भारतीय किनाऱ्यावरचं पापलेट पॅम्पस कँडिडस आहे. अर्जेंटियस चीनकडच्या समुद्रातलं. सप्टेंबर 2023 मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर केलं, तो मासा हाच. जुन्या नोंदी मात्र जुन्याच नावाने पडून आहेत, त्यामुळे जेनबँकमध्ये एकाच अक्षरमाळेसमोर दोन्ही नावं दिसू शकतात. अशा वेळी नमुना कुठल्या समुद्रातला होता ते उघडून बघायचं. आणि हलव्याला काळं पापलेट म्हणत असले तरी तो पापलेटच्या कुळातला नाही, तुम्ही काढलेल्या वंशवृक्षावर तो लांबच्या फांदीवर पडला तर चूक झाली असं समजू नका.

कुपीत चिठ्ठी टाकायची ती शिसपेन्सिलीने लिहिलेली. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये तासाभरात विरघळते आणि सगळ्या कुप्या एकसारख्या कोऱ्या होतात. चिठ्ठीवर नमुन्याचा क्रमांक, तारीख, बाजार, माशाचं स्थानिक नाव, लांबी आणि मासा उतरला ते बंदर. विक्रेत्याला बंदर माहीत नसेल तर त्या जागी ‘माहीत नाही’ असंच लिहावं, अंदाजाने सातपाटी लिहू नये.